स्वस्त आकाशाचा महागडा हिशेब

कर्ज बुडवणाऱ्या माणसाविषयी समाजाला फारशी माया नसते. बँकेतल्या माझ्या तीसएक वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी धंदे बुडताना पाहिले. शटर खाली आले की दारात पैसे मागणाऱ्यांची रांग लागते, काल आग्रहाने चहा पाजणारे आज ओळख दाखवत नाहीत आणि सोयरेधायरेही वाट बदलून जातात. जगाची रीतच आहे ती. म्हणूनच ५ फेब्रुवारी १९८२ रोजी इंग्लंडमध्ये जे घडले त्याचे मला अजूनही नवल वाटते. त्या शुक्रवारी लेकर एअरवेज नावाची विमान कंपनी बंद पडली. तिच्या डोक्यावर सुमारे २७ कोटी पौंडांचे देणे होते. हजारो प्रवासी परदेशांत अडकून पडले, आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले, नोकरांच्या नोकऱ्या गेल्या. आणि तरीही लोकांनी त्या कंपनीच्या मालकाला शिव्याशाप दिले नाहीत. उलट त्याला पैसे पाठवायला सुरुवात केली. त्याची विमाने पुन्हा उडावीत म्हणून सामान्य माणसांनी आपापल्या परीने रकमा देऊ केल्या. दिवाळे निघालेल्या मालकासाठी वर्गणी गोळा होण्याचा असा प्रसंग बँकांच्या इतिहासात विरळाच.

त्या मालकाचे नाव सर फ्रेडी लेकर. आडनाव वाचून मराठी माणसाला लेकरू आठवावे आणि गंमत म्हणजे गडी होताही तसाच. धिप्पाड, हसरा, बोलघेवडा आणि कोणी नाही म्हटले की हट्टाला पेटणारा. ब्रिटनच्या राणीने त्याला सर ही पदवी दिली, पण अहोजाहो करावे असे अंतर त्याने कोणाशी ठेवलेच नव्हते. मीही इथे त्याला अरेतुरेच करणार आहे.

फ्रेडीचा जन्म ६ ऑगस्ट १९२२चा, इंग्लंडमधल्या कँटरबरी गावातला. बाप व्यापारी जहाजावर खलाशी. फ्रेडी पाच वर्षांचा असताना तो घर सोडून गेला. आईने लोकांच्या घरची साफसफाई करून मुलाला वाढवले. शाळेत पोराची हुशारी विशेष चमकली नाही. सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि रॉचेस्टर येथील शॉर्ट ब्रदर्स या विमानाच्या कारखान्यात तो नोकरीला लागला. काम काय, तर झाडलोट करायची आणि कारागिरांना चहा करून द्यायचा. पण चहाच्या किटलीमागून त्याचे लक्ष असायचे ते विमानाच्या सांगाड्यावर. पत्रे कसे जोडतात, इंजिन कसे बसवतात, कुठला भाग किती दिवस टिकतो, हे त्याने तिथे डोळ्यांनी गिरवले.

मग दुसरे महायुद्ध आले. कारखान्यांतून तयार झालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर नेऊन पोहोचवण्यासाठी ब्रिटनने बिगरलष्करी माणसांचे एक दल उभे केले होते. १९४१ पासून फ्रेडी त्या दलात होता. विमान दुरुस्त करणे आणि चालवणे ही दोन्ही विद्या त्याला तिथे मिळाल्या. युद्ध संपले तेव्हा त्याच्यासारखे हजारो तरुण रिकामे झाले आणि त्यांच्याबरोबर हजारो विमानेही रिकामी झाली. सरकारला ती विमाने नकोशी झाली होती. फ्रेडीने १९४७ साली एव्हिएशन ट्रेडर्स ही कंपनी काढून लष्कराचे टाकाऊ सामान, विमानांचे सुटे भाग आणि जमेल तेव्हा अख्खी विमानेसुद्धा विकत घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जुन्या बाजारात जो धंदा चालतो तोच हा. फरक इतकाच की इथे मालाला पंख होते.

१९४८ साली त्याने बीओएसी या सरकारी कंपनीकडून बारा जुनी हाल्टन विमाने घेतली. ही मुळात बॉम्बफेकी विमाने, नंतर वाहतुकीसाठी बदललेली. पैसे कुठून आले? एका मित्राने जवळजवळ चाळीस हजार पौंड उसने दिले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती आणि तारण म्हणून फ्रेडीच्या शब्दापलीकडे विशेष काही नव्हते. कर्ज खात्यात काम केलेल्या माणसाला हे वाचताना कापरे भरावे. पण नशीब असे की त्याच वर्षी जूनमध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली. वीस लाखांच्या वर माणसे राहत असलेल्या त्या शहराला कोळसा, पीठ, औषधे सारे आकाशमार्गे पोहोचवणे भाग पडले. उडू शकेल असे प्रत्येक विमान भाड्याने घेतले जाऊ लागले. फ्रेडीची विमाने रात्रंदिवस बर्लिनच्या फेऱ्या करू लागली. इतर कंपन्यांना सुटे भाग हवे असत, तेही त्याच्याच गोदामात सापडत. मित्राचे पैसे त्याने फेडले आणि स्वतः श्रीमंत झाला.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. मे १९४९ मध्ये कोंडी उठली. आता विमानांना काम नव्हते. तरीही पुष्कळ छोट्या कंपन्या आशेवर तग धरून बसल्या आणि एकेक करून बुडाल्या. फ्रेडीने आपल्या विमानांकडे पाहिले, त्यांची वेळ संपली हे ओळखले, ती तोडली, वितळवली आणि त्यांचे ॲल्युमिनियम विकून टाकले. ज्या विमानांनी त्याला पैसा दिला त्यांच्यावर त्याने जीव अडकवून ठेवला नाही. धंद्यात शिरणे पुष्कळांना जमते, वेळेवर बाहेर पडणे थोड्यांना. सत्तावीस वर्षांच्या या पोराला ते जमले होते. पुढची कथा वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

पन्नासच्या दशकात त्याने साउथएंडच्या विमानतळावरून एक वेगळीच सेवा सुरू केली. इंग्लंडमधला माणूस आपल्या मोटारीसह विमानात बसायचा आणि खाडी ओलांडून फ्रान्समध्ये कॅले येथे उतरायचा. विमानाचे नाक दार उघडावे तसे उघडे आणि मोटार आत चढे. पुढे या कामासाठी त्याच्या लोकांनी जुन्या डीसी-४ विमानांना नवे नाक बसवून कारव्हेअर नावाचे विमान तयार केले. अशी एकवीस विमाने बनली. दिसायला बेढब, पण कामाला चोख. नवे विमान घेण्याऐवजी जुन्याला नवे रूप द्यायचे, हा फ्रेडीचा खास बाणा.

१९५८ साली त्याने आपल्या कंपन्या सुमारे आठ लाख पौंडांना विकल्या. १९६० मध्ये ब्रिटिश युनायटेड एअरवेज ही ब्रिटनमधली मोठी खासगी विमान कंपनी उभी राहिली, तिचा तो कार्यकारी प्रमुख झाला. बीएसी वन-इलेव्हन हे जेट विमान तेव्हा कागदावरच होते. त्याची पहिली मागणी, एकदम दहा विमानांची, याच कंपनीने १९६१ साली नोंदवली. पण दुसऱ्याच्या कंपनीत हा माणूस किती दिवस रमणार? १९६५ साली तो बाहेर पडला. त्याच वर्षी त्याचा सतरा वर्षांचा मुलगा मोटार अपघातात गेला. माणूस मोडून पडावा असा तो काळ होता. पण पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, फ्रेडीने स्वतःच्या नावाची विमान कंपनी काढली. बीओएसीची दोन जुनी ब्रिटानिया विमाने एवढाच सुरुवातीचा संसार. भागभांडवल घरचेच होते. पुढे कंपनी नावारूपाला आली तेव्हाही तिचे नव्वद टक्के भाग त्याचे आणि दहा टक्के त्याच्या पहिल्या पत्नीचे होते.

ही कंपनी सहलींच्या आयोजकांना विमाने भाड्याने द्यायची. त्यात त्याने एक शहाणपणाची अट घातली होती. आयोजकाने वर्षाचे ठरावीक तास आधीच घ्यायचे आणि त्यांचे पैसे द्यायचे. त्यामुळे जागा रिकाम्या गेल्या तर नुकसान आयोजकाचे, फ्रेडीचे नव्हे. इंधन वाचवण्याच्या त्याच्या युक्त्याही नामी होत्या. वैमानिकांना उड्डाणाच्या वेळी, सुरक्षित असेल तिथे, इंजिनाचा जोर थोडा कमी ठेवायला त्याने शिकवले. त्यामुळे इंजिने जास्त टिकत. कारखान्यात चहा करता करता पाहिलेले उपयोगी पडले ते असे.

आता साठ-सत्तरच्या दशकातली एक अडचण सांगायला हवी. त्या वेळी आंतरराष्ट्रीय विमानभाडी कंपन्यांची संघटना एकत्र बसून ठरवी आणि सरकारे त्यांवर शिक्का मारत. एकाने भाडे कमी करायचे नाही, दुसऱ्याने गिऱ्हाईक पळवायचे नाही, असा सगळा मामला. अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जाणे सामान्य ब्रिटिश माणसाच्या आवाक्याबाहेर होते. पळवाट एकच होती. एखाद्या मंडळाच्या सभासदांनी मिळून अख्खे विमान भाड्याने घेतले तर स्वस्तात जाता येई, पण प्रत्येकाचे सभासदत्व किमान सहा महिने जुने हवे. मग काय, नावापुरती मंडळे निघाली. डावखुऱ्यांचे मंडळही निघाले! १९७१ साली गॅटविक विमानतळावर सरकारी तपासनीसांनी फ्रेडीच्या विमानाच्या प्रवाशांना गाठले, बायबलवर हात ठेवून सभासदत्वाची शपथ घ्यायला लावली आणि ज्यांची खात्री पटली नाही त्यांना उतरवले. म्हातारी माणसे विमानतळावर चोरासारखी उभी राहिलेली पाहून फ्रेडी भडकला. नातवंडांना भेटायला जाण्यासाठी लोकांना खोटे बोलावे लागत असेल तर तो कायदाच खोटा, असे त्याचे म्हणणे पडले.

त्यातूनच स्कायट्रेनची कल्पना निघाली. नावाप्रमाणेच ही आकाशातली आगगाडी. आधी आरक्षण नाही. प्रवासाच्या दिवशी खिडकीवर यायचे, पैसे मोजायचे, तिकीट घ्यायचे, जागा असली तर बसायचे. नसली तर उद्या या. जेवण हवे असेल तर त्याचे वेगळे पैसे. कुठल्याही मंडळाचे सभासद असण्याची गरज नाही. आपण एसटीच्या स्थानकावर जे करतो तेच.

जून १९७१ मध्ये त्याने परवान्यासाठी अर्ज केला. पहिले विमान उडाले ते सप्टेंबर १९७७ मध्ये. मधली सहा वर्षे नुसती वाट पाहण्यात आणि भांडण्यात गेली. १९७२ साली ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने परवाना दिला, पण अमेरिकेने आपली संमती लांबवली. प्रस्थापित कंपन्यांनी हरकतींवर हरकती घेतल्या. तेवढ्यात तेलाचे भाव भडकले, ब्रिटनमध्ये सरकार बदलले आणि १९७५ साली व्यापारमंत्री पीटर शोर यांनी स्कायट्रेनला परवानगी मिळणार नाही असे जाहीर केले. लांब पल्ल्याच्या एका मार्गावर एकच ब्रिटिश कंपनी, असे नवे धोरण आले. सरकारी ब्रिटिश एअरवेज तिथे होतीच.

दुसरा असता तर गप्प बसला असता. फ्रेडी सरकारविरुद्ध न्यायालयात गेला. मुद्दा सोपा होता. संसदेने १९७१ साली केलेल्या कायद्यात सरकारी कंपनीशिवाय किमान एका खासगी ब्रिटिश कंपनीला स्पर्धेची संधी मिळावी असे उद्दिष्ट होते. मग मंत्री केवळ मार्गदर्शनाच्या नावाखाली ते उद्दिष्ट उलटे फिरवू शकतो का? जुलै १९७६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की मंत्र्याला तसा अधिकार नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. त्यानंतर जून १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी संमती दिली आणि शेवटचे कुलूप निघाले.

२६ सप्टेंबर १९७७ रोजी २७२ प्रवासी घेऊन स्कायट्रेनचे पहिले विमान गॅटविकहून न्यूयॉर्ककडे निघाले. एकेरी भाडे ५९ पौंड. परतीचे न्यूयॉर्कहून १३५ डॉलर. नेहमीच्या साध्या वर्गाच्या भाड्याच्या मानाने हे जवळजवळ एक-तृतीयांश. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाजवळ तिकिटांसाठी रांगा लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात तर लोक पथाऱ्या पसरून फुटपाथवर झोपू लागले आणि कोणाची तक्रार नव्हती. विद्यार्थी, निवृत्त आजीआजोबा, लग्न होऊन अमेरिकेत गेलेल्या मुलींच्या आया अशा कितीतरी माणसांना आयुष्यात पहिल्यांदा महासागर ओलांडता येऊ लागला. मोठ्या कंपन्यांनीही घाईघाईने आपापली स्वस्त तिकिटे काढली. १९७८ साली स्कायट्रेन लॉस एंजलिसलाही जाऊ लागली. त्याच वर्षी फ्रेडी सर झाला. कंपनीच्या जाहिरातींत तो स्वतःच झळके. मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्यावर तर खासगी उद्योजकाचा आदर्श नमुना म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

इथवरची कथा कोणालाही सांगायला आवडते. इथून पुढची मला सांगावीशी वाटते, कारण तिच्यात माझ्या जुन्या व्यवसायाचाही हात आहे. मी बँकेत लागलो तेव्हा लेकर एअरवेज बुडून काही वर्षे झाली होती. परकीय चलनाच्या प्रशिक्षणवर्गात आमच्या शिक्षकांनी फळ्यावर मधोमध एक रेघ मारली होती. डावीकडे लिहिले पौंड, उजवीकडे डॉलर. कंपनीचे उत्पन्न कुठल्या बाजूला आणि देणे कुठल्या बाजूला ते भरा, असे त्यांनी सांगितले. आम्ही भरू लागलो आणि दहा मिनिटांत वर्गात शांतता पसरली.

झाले होते ते असे. पहिली डीसी-१० विमाने फ्रेडीला १९७२ साली सवलतीत मिळाली होती. एका जपानी विमान कंपनीसाठी मागवलेली ती विमाने तिने घेतली नाहीत, म्हणून मित्सुई या व्यापारी कंपनीकडे पडून होती. पडून राहिलेला माल हेरण्याची फ्रेडीची जुनीच खोड. पण स्कायट्रेनच्या यशानंतर त्याने ही रीत सोडली. त्याला आता नव्या कोऱ्या विमानांचा ताफा हवा होता. डीसी-१०ची लांब पल्ल्याची पाच नवी विमाने त्याने मागवली. १९७९ साली युरोपात उडण्यासाठी दहा एअरबस ए-३०० मागवली. युरोपातल्या शहरांना जोडणाऱ्या शेकडो मार्गांचे परवाने मात्र मिळालेच नाहीत. म्हणजे वरात निघाली आणि मांडवाचा पत्ता नाही. तरी तीन एअरबस १९८१ साली आल्याच.

डीसी-१०साठी २२.८ कोटी डॉलर आणि एअरबससाठी १३.१ कोटी डॉलर कर्ज उभे राहिले. एकूण ३५.९ कोटी डॉलर. पहिल्या कर्जात अमेरिकेची आयात-निर्यात बँक होती, दुसऱ्यात मिडलँड बँकेच्या पुढाकाराने जमलेला बँकांचा गट. सगळे कर्ज डॉलरमध्ये. आणि फ्रेडीचे प्रवासी? बहुतेक ब्रिटिश, तिकिटाचे पैसे पौंडात मोजणारे.

१९८०च्या अखेरीस एका पौंडाला सुमारे २.४० डॉलर मिळत होते. त्या भावाने ३५.९ कोटी डॉलर म्हणजे साधारण १५ कोटी पौंड. १९८१च्या उन्हाळ्यात पौंड १.८० डॉलरच्या आसपास घसरला. आता तेच कर्ज झाले २० कोटी पौंडांचे. एक नवे विमान न घेता, एक जादा पौंड खर्च न करता, केवळ हुंडणावळीच्या भावाने त्याचे कर्ज एक-तृतीयांशाने फुगले. शिवाय पौंड पडल्यामुळे ब्रिटिश माणसाला अमेरिका महाग झाली, त्यामुळे प्रवासीही कमी होऊ लागले. इंधनाचे पैसेही डॉलरच्या भावानेच मोजावे लागत. एकाच कारणाने तिन्ही बाजूंनी मार.

संकटे एकेकटी येत नाहीत म्हणतात. मे १९७९ मध्ये शिकागोला एका अमेरिकन कंपनीचे डीसी-१० कोसळले आणि पुढच्या महिन्यात त्या जातीची विमाने जमिनीवर बसवली गेली. अपघाताशी फ्रेडीच्या कंपनीचा काही संबंध नव्हता, पण स्कायट्रेनची भिस्त त्याच विमानांवर होती. ऐन हंगामाचे दिवस वाया गेले आणि प्रवाशांच्या मनात भीती बसली ती वेगळीच. इराणमधल्या उलथापालथीनंतर तेल महागले, पाठोपाठ मंदी आली. १९८१च्या हिवाळ्याच्या तोंडावर पॅन ॲम, टीडब्ल्यूए आणि ब्रिटिश एअरवेज यांनी आपली भाडी स्कायट्रेनच्या बरोबरीला आणली. त्यांच्या विमानात जागा राखीव, जेवण फुकट आणि भाडे तेवढेच. मग रांगेत कोण उभे राहणार?

अटलांटिकवरचा धंदा उन्हाळ्याचा. हिवाळ्यात विमाने अर्धी रिकामी जातात. आणि कर्जाचा मोठा हप्ता जानेवारी १९८२ मध्ये देय होता. आपल्याकडे सोसायटीचे कर्ज सुगीनंतर फेडायचे असते, एवढी अक्कल गावच्या सचिवालाही असते. इथे तिजोरी रिकामी असतानाच हप्ता लागला होता. ही मुदत ठरवताना दोन्ही बाजूंना शहाणी माणसे बसली होती, याचेच वाईट वाटते.

१९८१च्या नाताळच्या सुमारास विमान बनवणारी मॅकडॉनेल डग्लस आणि इंजिने बनवणारी जनरल इलेक्ट्रिक या कंपन्या मदतीला तयार झाल्याची बातमी आली. प्रतिस्पर्धी विमान कंपन्यांना हे रुचले नाही. आम्ही तुमचे मोठे गिऱ्हाईक असताना तुम्ही आमच्या स्पर्धकाला कसे तगवता, अशा आशयाची नाराजी मॅकडॉनेल डग्लसकडे पोहोचली. मदत बारगळली. ५ फेब्रुवारीला बँकांनी हात आखडला, रिसीव्हर नेमला गेला आणि वाटेवरची काही विमाने मागे बोलावली गेली.

पुढे बुडालेल्या कंपनीच्या बाजूने अमेरिकेत मोठा दावा झाला. अनेक विमान कंपन्यांनी संगनमत करून लेकरला बुडवले, असा त्यात आरोप होता. दोष सिद्ध व्हावा असा निकाल कधी लागलाच नाही. फौजदारी चौकशी १९८४ साली अध्यक्ष रेगन यांनी थांबवली आणि १९८५ साली दिवाणी दावा न्यायालयाबाहेर मिटला. त्या तडजोडीतून सुमारे ४.८ कोटी डॉलर धनकोंसाठी आले, फ्रेडीला वेगळे ८० लाख डॉलर मिळाले.

फ्रेडीच्या चाहत्यांना वाटते की त्याला मोठ्यांनी गिळले. टीकाकार म्हणतात की तो हावरेपणाने गेला. मला विचाराल तर खरा दोष त्या फळ्यावरच्या रेघेचा. मोठ्या कंपन्यांनी भाडी उतरवली ती १९८१च्या अखेरीस. ते त्यांनी केव्हा ना केव्हा करणे अटळच होते. पण तोवर फ्रेडीकडे तग धरण्याइतके स्वतःचे भांडवल नव्हते, आणि कर्ज अशा चलनात होते जे तो पुरेसे कमावत नव्हता. हे त्याला कळले नाही असे म्हणावे, तर बर्लिननंतर विमाने वितळवणारा माणूस इतका भोळा कसा? मला वाटते, त्याला कळले असावे, पण रांगा लागलेल्या पाहून त्याचा स्वतःच्या नशिबावर विश्वास बसला होता. आणि बँका? त्यांनी कंपनीचा ताळेबंद पाहिला की मालकाची कीर्ती पाहिली? प्रसिद्ध माणसाला कर्ज देताना अधिकाऱ्याच्या लेखणीला थोडी घाई होते, हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे. ज्याला सारा देश टाळ्या वाजवतो त्याला नाही म्हणायला धैर्य लागते. त्या एका नकाराने कदाचित फ्रेडीची कंपनी वाचली असती. जुन्या विमानांवर, छोट्या ताफ्यावर ती हळूहळू चालत राहिली असती.

आपल्याकडे किंगफिशर २०१२ साली आणि जेट एअरवेज २०१९ साली जमिनीवर आली तेव्हा मला लेकरची आठवण झाली. प्रत्येक प्रकरण वेगळे, माणसे वेगळी. पण विमानाचे भाडे डॉलरमध्ये आणि तिकीट रुपयांत, ही फळ्यावरची रेघ इथेही होतीच. एवढे मात्र खरे की त्यांच्या मालकांसाठी वर्गणी गोळा झाल्याचे काही ऐकले नाही.

फ्रेडी स्वस्थ बसला नाही. त्याच वर्षी त्याने नवी कंपनी काढायचा प्रयत्न केला, पण परवाना मिळाला नाही. मग तो बहामा बेटांवर जाऊन राहिला. १९९२ मध्ये, सत्तरीला आल्यावर, त्याने तिथून अमेरिकेच्या शहरांना जोडणारी छोटी विमानसेवा सुरू केली. १९९६ मध्ये पुन्हा एकदा डीसी-१० विमाने घेऊन फ्लोरिडाहून अटलांटिक ओलांडायला निघाला. तो प्रयत्न दोनएक वर्षांत संपला. ९ फेब्रुवारी २००६ रोजी फ्लोरिडात त्याचे निधन झाले. वय ८३.

स्कायट्रेन जेमतेम साडेचार वर्षे चालली. पण एकदा उतरलेली भाडी पूर्वीच्या जागी परत गेली नाहीत. स्वस्त विमानप्रवास हा कायमचा धंदा होऊ शकतो हे जगाला दिसले होते. आज जेवणाचे वेगळे पैसे घेणाऱ्या विमानात बसून आपण कुरकुरतो, तेव्हा ती रीत लोकांपुढे वाजतगाजत आणणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला आठवत नाही, एवढेच.

त्याचा धडा एकाने मात्र नीट गिरवला. जून १९८४ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन या तरुणाने व्हर्जिन अटलांटिक ही कंपनी काढली, त्याच गॅटविकवरून, न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला. फ्रेडीकडे जाऊन त्याने सल्ला घेतला होता. तिकीट नुसते स्वस्त असून भागत नाही आणि मोठ्या कंपन्या अंगावर आल्या तर वेळेवर न्यायालयात जावे, हे तो त्याच्याकडून शिकला. त्याने ताफा विकत घेतला नाही. एकच जुने बोइंग ७४७ भाड्याने घेतले, आणि तेही वर्षभराने धंदा जमला नाही तर परत करता येईल अशा करारावर. पुढे त्या कंपनीच्या एका विमानाला सर फ्रेडीचे नाव देण्यात आले. ज्या महासागरावर त्याची विमाने उडायची थांबली, त्याच महासागरावरून त्याचे नाव पुन्हा ये-जा करू लागले, आणि या खेपेस त्या विमानांचा हप्ता त्याच्या डोक्यावर नव्हता.